बोट हलत नाही

मेकॅनिकला बोलवायचं नाही, हा निर्णय दाजींनी घेतला तो चहा पिता पिता. कपात बुडवलेलं बिस्किट वर येईपर्यंत तो पक्काही झाला. (बिस्किट मात्र वर आलं नाही. ते तळाशीच राहिलं.)

"माझं आख्खं आयुष्य विजेत गेलंय," दाजी बायकोला म्हणाले. "बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी मी परका माणूस बोलवू? लोक काय म्हणतील?"

आयुष्य विजेत गेलं म्हणजे वीज कंपनीच्या बिल विभागात गेलं. दाजी तिथे हेडक्लार्क. विजेशी त्यांचा संबंध युनिट गुणिले दर, अधिक स्थिर आकार, एवढाच. ऑफिसातल्या टेबलफॅनची पिनसुद्धा शिपाई लावून द्यायचा. पण शेजारपाजारच्यांना हे बारकावे कोण सांगणार? कुणाचा फ्यूज उडाला की ते दाजींकडेच यायचे. दाजी गंभीर चेहरा करून "लोड जास्त झाला असेल" असं म्हणायचे, आणि ते बहुतेक वेळा बरोबरच निघायचं. त्यामुळे हळूहळू त्यांचा स्वतःचाही स्वतःवर विश्वास बसत चालला होता.

दाजी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बायकोचा धाकटा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा. त्याचं ऐकून शेजारी म्हणायला लागले, मग दूधवाला, मग बँकेतला कॅशियर. बायकोला तो ताई म्हणायचा, म्हणून ती सगळ्यांची ताई. बोटही ह्याच मेहुण्याची. नोकरीसाठी परदेशी जाताना त्याने दाजींच्या हातात किल्ली ठेवली आणि "सांभाळाल ना?" एवढंच विचारलं. छोटीशी, पांढरी, केबिन असलेली बोट. तलावाच्या धक्क्याला बांधलेली. चार माणसं मजेत बसतील आणि सहा माणसं भांडत बसतील एवढी.

दाजींनी ती सांभाळली म्हणजे अधूनमधून जाऊन तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. एक दिवस सहज किल्ली फिरवली, तर इंजिनाने नुसतं "टक" केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. केबिनमधला दिवा लावला, तो क्षणभर पेटला आणि लाजल्यासारखा विझला.

एरवी दाजींनी किल्ली खिशात टाकून विषय मिटवला असता. पण नेमका त्याच दिवशी सासरेबुवांचा फोन आला.

सासरेबुवा कारखान्यात फोरमन होते. मशीनच्या आवाजावरून कुठला नट सैल आहे ते सांगायचे. दाजींशी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा दाजींनी छाप पाडायला म्हणून त्यांच्या घरातली डुगडुगणारी खुर्ची दुरुस्त करायला घेतली होती. ती खुर्ची त्यानंतर कधीही डुगडुगली नाही, कारण ती उरलीच नाही. सासरेबुवांनी लग्नाला होकार दिला, पण एका अटीवर. "मुलगा सरळ आहे, निर्व्यसनी आहे," ते म्हणाले. "फक्त त्याच्या हातात पक्कड देऊ नका." पुढे सगळं आयुष्य त्यांनी जावयाची ओळख "आमचे जावई, बिलं करतात," अशी करून दिली. त्या 'करतात'मध्ये एक सुस्कारा असायचा.

आता सासरेबुवांचे गुडघे गेले होते. घराबाहेर पडणं जवळपास बंद. फोनवर ते लेकीला म्हणाले, "पोराची बोट एकदा बघायचीय. जमलं तर पाण्यावर एक चक्कर मारायचीय. पुढच्या वर्षी हे गुडघे साथ देतील असं दिसत नाही. रविवारी येऊ का?"

ताईंनी "या ना बाबा" म्हणून फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. दाजींनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. वडिलांनी स्वतःहून काही मागितल्याचं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं.

"रविवारी बोट चालणार," दाजी म्हणाले. "हा माझा शब्द."

ताई वळल्या. "म्हणजे मेकॅनिकला बोलवू?"

आणि तिथेच तो चहा, ते बिस्किट आणि तो निर्णय.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर दाजी थेट बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदार काउंटरवर कोपर टेकून उभा होता.

"बोटीसाठी बॅटरी हवी," दाजी म्हणाले.

"स्टार्टिंगची की डीप सायकलची?"

"सायकलची नाही हो. बोटीची."

"बोटीचीच. पण डीप सायकल का?"

"सायकल कशी चालेल? पाण्यावर आहे ती."

दुकानदाराने कोपर उचललं. "साहेब, इंजिनाला जोरात धक्का द्यायला एक बॅटरी असते, तिला स्टार्टिंग म्हणतात. दिवे, पंखा, पाणी उपसायचा पंप हे तासन् तास चालवायला दुसरी, ती हळूहळू रिकामी होते आणि पुन्हा भरते. ती डीप सायकल. तुमची कुठली गेलीय?"

आता इथे 'बघून येतो' म्हणायला हरकत नव्हती. पण मागे आणखी एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं, आणि दाजींनी गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेलं होतं. त्यावर वीज कंपनीचं चिन्ह ठसठशीत दिसत होतं.

"सगळ्यात मोठी द्या," दाजी म्हणाले.

"माप काय आहे खोक्याचं?"

"मोठीच द्या. उगाच कमी नको पडायला."

दुकानदाराने खांदे उडवले आणि आतून जी वस्तू दोन माणसांनी उचलून आणली, तिच्यावर बसचं चित्र होतं.

ती बॅटरी घरी कशी आली ते रिक्षावाल्याला विचारा. लिफ्टने तिला पाहून मधल्याच मजल्यावर मान टाकली. शेवटी दाजींनी घरातून चादर मागवली, तिच्यात बॅटरी गुंडाळली आणि तिला एकेक पायरी करत वर ओढली. वाटेत ती एकदोनदा कलंडली, पण "काही होत नाही, बंद आहे ती," असं दाजी स्वतःलाच सांगत होते. ती तितकीशी बंद नव्हती, आतलं अ‍ॅसिड चादरीत झिरपत होतं. दोन दिवसांनी धुतलेली चादर दोरीवर टाकली, तेव्हा तिच्यातून समोरची इमारत दिसत होती.

"ही माझी नवी चादर," ताई म्हणाल्या.

"हवेशीर झाली," दाजी म्हणाले. (हे ते मनात म्हणाले. उघडपणे ते "आणू दुसरी" म्हणाले.)

बॅटरी बोटीवर नेल्यावर खरी गंमत झाली. ती खोक्यात मावेना. आडवी मावेना, उभी मावेना, रागावून दाबली तरी मावेना. शेवटी दाजींनी ती खोक्याशेजारी ठेवली, वायरी ताणून ताणून कशाबशा तिच्यापर्यंत पोचवल्या आणि देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली.

टक.

दाजी तिथेच मटकन बसले. बसची बॅटरी! आख्खी बस जी हलवते, तिला ही एवढीशी बोट हलवेना. आता रविवारी सासरेबुवा येणार, काठी टेकत टेकत धक्क्यावर उभे राहणार, आणि आपण काय करणार? वल्ही मारणार? मेकॅनिकला फोन लावायला त्यांनी खिशात हातही घातला. हा फोन लावणं म्हणजे त्या खुर्चीच्या दिवशी परत जाणं, हे त्यांना पुरतं कळत होतं. तरी लावणार होते. तेवढ्यात ताई थर्मास घेऊन बोटीत उतरल्या.

त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, कपात चहा ओतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, तुमच्या ऑफिसात कुणी तक्रार घेऊन आलं, की वापर एवढासा आणि बिल एवढं मोठं, तर तुम्ही काय करता?"

"काय करणार? मीटरपासून सुरू करतो. मीटर काय म्हणतो, नोंद काय म्हणते, बिल काय म्हणतं. एकेक टप्पा तपासत जायचा. कुठेतरी ताळा चुकलेला असतोच."

"आणि सापडतो?"

"न सापडून जाईल कुठे? आजवर एक तक्रार सोडलेली नाही मी." दाजी ताठ बसले. मग त्यांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांनी बॅटरीकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, मधल्या वायरीकडे पाहिलं.

"ताळा," दाजी म्हणाले.

मग त्यांनी काय केलं, तर बसची बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि जुन्या दोन्ही बॅटऱ्या पहिल्यांदाच नीट पाहिल्या. (त्या दोन आहेत हेही त्यांना तेव्हाच कळलं.) दिव्यापंख्याच्या बॅटरीची कूस फुगून घागरीसारखी झाली होती. ती गेलेलीच होती, त्यात वाद नव्हता. पण इंजिनाची? व्होल्ट मोजायचं यंत्र दाजींनी दोन दिवसांपूर्वीच आणलं होतं, पण खोक्यातून काढलं नव्हतं. आता त्याची माहिती त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, जसे ते ऑफिसात नवे नियम वाचत. यंत्राचे दोन काटे बॅटरीच्या टोकांना लावले. बारा पूर्णांक सहा.

"ठणठणीत आहे!" दाजी ओरडले. "जमा बरोबर आहे. म्हणजे खर्चात घोळ आहे!"

वायरी पुन्हा तिलाच जोडून ते इंजिनाच्या कप्प्यात पोटावर पालथे पडून शिरले. बाहेर फक्त पाय उरले. एक काटा बॅटरीच्या उणे टोकाला लावला, दुसरा इंजिनाच्या धातूला. ह्या दोघांमध्ये एकच जाड वायर. मधे काही हरवायला नको, म्हणजे आकडा शून्याच्या जवळ हवा. यंत्र त्यांनी बाहेर ताईंच्या पायाशी ठेवलं होतं.

"किल्ली फिरव!" आतून आवाज आला.

टक.

"किती दाखवतंय?"

"साडेनऊ."

 मग दाजींचा आवाज आला, आणि तो आवाज ताईंनी लग्नानंतर क्वचितच ऐकला होता. ऑफिसातले लोक मात्र ऐकत असणार.

"बारातले साडेनऊ वाटेतच खाल्ले! एका वायरीने!"

टॉर्च मारून पाहिलं, तर वायर इंजिनाला जिथे जोडली होती तिथे हिरवीगार बुरशी धरल्यासारखा थर. वरून ठीक दिसायची, आत सगळं कुजलेलं. दाजी त्या हिरव्या थराकडे इतक्या प्रेमाने पाहत होते, की खिशातला फोन वाजला तो त्यांनी न बघताच कानाला लावला. त्यांची आत्या होती. आत्याला कमी ऐकू यायचं, आणि जेवढं ऐकू यायचं तेवढ्यावर ती जोरात विश्वास ठेवायची.

"काय रे, रविवारी घरी आहेस ना?"

"कसला घरी, आत्या. बोट हलत नाहीये."

"अगंबाई! कधीपासून?"

"झाले काही दिवस. नुसतं टक करून आवाज येतो."

"मग दाखवलंस का कुणाला?"

"दाखवायचं काय त्यात? मीच उघडून बघितलं."

"उघडून?"

"हो ना. आत सगळं हिरवं पडलंय. आता घासतो, साफ झालं तर ठीक. नाहीतर तेवढा तुकडा कापायचा आणि नवीन जोडायचा."

पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. रेंज गेली असेल, असं म्हणून दाजींनी फोन खिशात टाकला आणि तारेचा ब्रश हातात घेतला.

घासलं, पुसलं, तांबं नव्या भांड्यासारखं लख्ख होईपर्यंत घासलं. बॅटरीच्या टोकांवर सोड्याचं पाणी टाकलं, तर ती फसफसली, ती फसफस थांबेपर्यंत वाट पाहिली. मग वायर पुन्हा बसवली आणि नट असा आवळला, की त्या क्षणी पक्कड-पाना-खुर्ची सगळ्यांचे हिशेब चुकते झाले.

"फिरव!"

इंजिन खोकलं, थरथरलं आणि धडधडत सुरू झालं. धक्क्यावरचे बगळे उडाले. दाजी कप्प्यातून उठले ते डोकं आपटून उठले, पण त्यांना काही लागलं नाही. नाकाला ग्रीस, कपाळाला टेंगूळ, आणि चेहऱ्यावर असं तेज, की ताईंनी पदराने आधी ग्रीस पुसायचं सोडून नुसतं बघत राहणं पसंत केलं.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"ताळा जुळला," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बसची बॅटरी घेऊन पुन्हा दुकानात. ह्या वेळी ओळखपत्र खिशात होतं आणि हातात ताईंची शिवणाची टेप. दुकानदाराने काउंटरवरून विचारलं, "काय साहेब, सायकल मिळाली का?"

"डीप सायकलच हवी," दाजी शांतपणे म्हणाले. "दिव्यांसाठी. सीलबंद, कलंडली तरी सांडणार नाही अशी. हादरे सोसणारी. लांबी, रुंदी, उंची ही इतकी, आणि अधिकचं टोक उजव्या हाताला हवं, कारण माझी वायर तेवढीच पोचते. बनवल्याची तारीख दाखवा, गेल्या वर्षीची पडून राहिलेली देऊ नका."

दुकानदार सरळ उभा राहिला. त्याने एक बॅटरी काढली, मग ती परत ठेवून मागची ताजी काढली. मोठी परतही घेतली, वर "बाकी सगळं ठीक ना साहेब?" असंही विचारलं. दाजी दुकानातून बाहेर पडले तेव्हा त्यांची चाल बदललेली होती. (बॅटरीच्या वजनाने एका बाजूला कललेली होती, पण अभिमानाने कललेली होती.)

रविवारी सासरेबुवा आले. एका बाजूने काठी, दुसऱ्या बाजूने लेकीचा खांदा. धक्क्यावरून बोटीत उतरायला त्यांना बराच वेळ लागला, पण कुणी हात पुढे केला की ते डोळे वटारायचे, म्हणून सगळे नुसते श्वास रोखून उभे राहिले. बोटीत बसल्यावर त्यांनी ना पाणी पाहिलं, ना आकाश.

"इंजिन दाखवा," ते म्हणाले.

दाजींनी कप्पा उघडला. सासरेबुवांनी वाकून पाहिलं. वायर बोटाने हलवून पाहिली, ती हलली नाही.

"हे कुणी केलं? माणूस लावला होता?"

"ह्यांनी केलं, बाबा," ताई म्हणाल्या. "किल्ली मी फिरवत होते."

सासरेबुवांनी जावयाकडे रोखून पाहिलं. "बॅटरी काढताना आधी कुठली वायर काढलीत?"

"उणे."

"आणि लावताना?"

"अधिक आधी. उणे शेवटी."

"का?"

"पाना चुकून इंजिनाला लागला, तर ठिणगी उडायला नको म्हणून."

सासरेबुवांनी वायर पुन्हा एकदा बोटाने हलवून पाहिली. मग म्हणाले, "हं."

हे 'हं' इतरांना साधं वाटेल. पण ताईंनी लहानपणापासून वडिलांचे हुंकार ऐकले होते, आणि असं 'हं' त्यांनी फार थोड्या कामगारांच्या वाट्याला आलेलं पाहिलं होतं. त्यांनी तोंड फिरवून डोळे टिपले.

इंजिन सुरू करणार, तेवढ्यात धक्क्यावर टॅक्सी थांबली. घराला कुलूप बघून शेजाऱ्यांना विचारत आलेली आत्या तिच्यातून उतरली, मागून तिचा मुलगा, आणि त्याच्या मागून बॅग घेतलेले हाडांचे डॉक्टर.

"कुठंय तो?" आत्या ओरडली. "कापलं तर नाही ना अजून?"

दाजी गोंधळून धक्क्यावर चढले. आत्याने त्यांचे दोन्ही हात पकडले, दहाही बोटं एकेक करून ओढून पाहिली आणि ती सगळी हलतात हे बघून तिने हंबरडाच फोडला. डॉक्टरांनीही बोटं तपासली, आणि मग कपाळावरच्या टेंगळाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशाने झालं?"

"बोटीने," दाजी म्हणाले.

"बोटाने एवढं टेंगूळ?"

हा घोळ निस्तरायला थोडा वेळ गेला. शेवटी आत्या, तिचा मुलगा आणि डॉक्टर सगळेच बोटीत बसले. त्यामुळे ती सहा माणसांची भांडणाची संख्या पूर्ण झाली, पण त्या दिवशी भांडलं कुणी नाही. बोट धक्का सोडून निघाली. ऊन पाण्यावर पसरलं होतं. मध्यावर आल्यावर दाजींनी सुकाणू सासरेबुवांच्या हाती दिलं. त्यांनी ते घट्ट धरलं, पाठ ताठ केली, आणि डॉक्टरांना म्हणाले, "आमचे जावई. वीज कंपनीत आहेत."

बिलाचा उल्लेखही नाही. दाजींनी पाण्याकडे पाहत दोनदा घसा खाकरला. ताई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांच्या बाहीवरचं ग्रीस उगाचच झटकत राहिल्या.

सासरेबुवा रात्री मुक्कामालाच राहिले. सकाळी दाजींनी रजा टाकली होती. स्वयंपाकघरातून ताईंची हाक आली, "अहो, मिक्सर चालत नाही." एरवी ह्या हाकेवर दाजी पेपर डोळ्यांसमोर उंच धरायचे. आज ते पेपर घडी घालून उठले.

"बघतो," ते म्हणाले.

"मी येतो," सासरेबुवा म्हणाले, आणि काठी टेकत येऊन स्टुलावर बसले. "काय हवं ते सांगा, मी देतो."

फोरमन स्वतः हत्यारं हातात द्यायला बसलाय! दाजींनी बाह्या सरसावल्या. टप्प्याटप्प्याने जायचं. पिन उघडली, घासली, सोड्याच्या पाण्याने पुसली. वायर सोलून नव्याने जोडली. मिक्सरचा तळ उघडून आतली टोकं लख्ख केली. सासरेबुवा पाना द्यायचे, स्क्रू सांभाळायचे आणि मधून मधून "हं" म्हणायचे. एवढी "हं" दाजींनी एका सकाळी कधीच मिळवली नव्हती. दोघांच्याही कपाळावरून घाम ओघळत होता. सगळं जोडून दाजींनी बटण दाबलं. काही नाही. त्यांनी मिक्सर कानाशी धरला, हलवला, आणि मान हलवून निर्णय दिला, "मोटर जळाली. नवीन आणावा लागेल."

सासरेबुवांनी आदराने मान डोलावली.

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून शेजारीणबाई ओरडल्या, "अहो दाजी, जरा ऑफिसात फोन करून विचारा ना! सकाळपासून आख्ख्या इमारतीत लाइट नाही!"

दाजींनी हळूच वर पाहिलं. पंखा स्थिर होता.

सासरेबुवांनीही वर पाहिलं, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "मला वाटलं, काम चालू आहे म्हणून तुम्हीच मेन बंद केलाय."